पिकअप, ट्रेलर आणि दारावरचा पिवळा स्टिकर : शेतावरच्या कामाच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

शेवटी आज ठरलं, पिकअप घ्यायची. टेक्सासात हेम्पस्टेडजवळचं नऊ एकर घेऊन दीड वर्ष झालं, कॅटी गावातल्या आमच्या घरापासून पाऊण तास, आणि दर शनिवारी आमचा एक ठरलेला कार्यक्रम असतो तो म्हणजे कुणाकडे तरी गाडी मागायची. भाड्यानं मिनी एक्स्कॅव्हेटर आणायचा तर मशीनच्या भाड्याच्या निम्मे पैसे नुसते ने-आणीतच जातात. घरची एसयूव्ही कागदावर ५,००० पाऊंड ओढते, पण मागच्या वेळी कुंपणाचे खांब भरलेला छोटा ट्रेलर लावला तर पुढची चाकं हवेत आहेत की काय असं स्टिअरिंग हलकं लागलं.

शेजारचे म्हातारबुवा (वय ७८, जन्म गुरं आणि गवतात गेला, बोलणं मोजकं) म्हणाले, आधी ओढणारी गाडी घे, ट्रॅक्टर नंतर. मी उलटं ठरवलं होतं. ब्रेनहॅमच्या बाजूला एक जुना महिंद्रा बघून ठेवलाय, ३८ हॉर्सपॉवर, लोडर आणि मागे गवत कापायचं सहा फुटी कटर. सांगलीचा माणूस टेक्सासात येऊन महिंद्रा घेणार म्हटल्यावर दादा फोनवर पाच मिनिटं हसत होता, पण महिंद्रा इथे १९९४ पासून आहे आणि आमच्या भागात दर तिसऱ्या-चौथ्या रानात दिसतो.

तर गरज अशी: ट्रॅक्टर, तो वाहणारा ट्रेलर, आणि अधूनमधून खडी, खांब, गवताच्या गुंडाळ्या. हाफ टनमध्ये ओढून-ताणून बसेल, पण ओढून-ताणून नकोय. इथे पिकअपला हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन म्हणतात, ही नावं जुन्या काळी गाडी किती उचलायची त्यावरून पडलीत, आता आकड्याशी काही संबंध राहिला नाही. फोर्डचं १५०, २५०, ३५० किंवा रामचं १५००, २५००, ३५०० हा तोच जिना. मला मधली पायरी हवीय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज राम २५०० बघून आलो, कमिन्स डिझेलवाली. माझा जीव पहिल्यापासून कमिन्सवर. काका कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये रिटायर होईपर्यंत होते, कंपनी १९६२ ची, आणि मे महिन्यात त्यांच्याकडे राहायला गेलो की जेवताना सुद्धा पिस्टन आणि क्रँकशाफ्टच्या गप्पा. त्याच कमिन्सचं इंजिन इथे १९८९ पासून डॉजच्या, म्हणजे आताच्या रामच्या, पिकअपमध्ये बसतंय, तेव्हाचं ५.९ लिटर आणि जेमतेम १६० हॉर्सपॉवर, आताचं ६.७, सहा सिलिंडर एका ओळीत. स्टार्टर मारला आणि जो काही खडखडाट झाला तो ऐकून मी मनातल्या मनात सही करून मोकळा झालो होतो.

मग म्हातारबुवांनी सांगितलेलं आठवलं. ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाच, सेल्समनचं नंतर ऐक. वाचला. माणसं आणि सामान मिळून १,९६७ पाऊंडांच्या वर जाऊ नये. किलोत करा, ८९२.

सेल्समनचं चालूच होतं, वीस हजार पाऊंड ओढते सर. ओढत असेल, नाही कोण म्हणतंय. पण ट्रेलर जेव्हा बॉलवर (गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा) टेकतो तेव्हा त्याच्या वजनातला काही भाग गाडीवर बसतो, नेहमीच्या मागे लावायच्या ट्रेलरला दहा ते पंधरा टक्के, आणि तो भाग या १,९६७ मधूनच वजा होतो. १४,००० चा ट्रेलर पूर्ण भरला आणि बारा टक्के धरले तर बॉलवर १,६८०. उरले २८७. त्यात मी १९०. म्हणजे बायको-पोरगी घरी, मी आणि जेवणाचा डबा निघालो वीस हजार ओढायला.

कारण कळलं की राग येत नाही. गाडीचं भरून जास्तीत जास्त वजन कागदावर १०,००० ला बांधलेलं, डिझेल इंजिन एकटंच हजार पाऊंडांच्या पुढे, त्यात चार दारं, फोर व्हील ड्राइव्ह, लेदरच्या खुर्च्या. गाडी रिकामीच आठ हजारांच्या वर जाते, मग उचलायला शिल्लक काय राहणार. हेच इंजिन वन टनमध्ये घेतलं की स्प्रिंगा वेगळ्या, कागद वेगळा, आकडा पार बदलतो.

रात्री दादाला स्टिकरचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "आरं आपली बोलेरो पिकअप कागदावर सतराशे किलो भरती. तुझं हे एवढं धूड आन नऊशे किलो? रंगाचं पैसं घेत्यात व्हय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

१ मार्च, शनिवार

घेतली. फोर्ड एफ-२५०, २०२० ची, चार दारं, फोर बाय फोर, ७.३ लिटर पेट्रोल. डिझेल सोडलं. काकांना अजून सांगितलं नाहीये.

डिझेल का सोडलं ते लिहून ठेवतो, नाहीतर दोन वर्षांनी स्वतःलाच शिव्या घालीन. माझं चालणं आठवड्यात दोनदा ऑफिसला बारा मैल आणि शनिवारी शेत. नव्या डिझेलला धुराची जाळी असते, काजळी साठली की ती जाळायला गाडी चांगली तापलेली आणि सलग पळती लागते, आखूड फेऱ्यांमध्ये ते होत नाही आणि मग जाळी तुंबते. वर युरियाचं पाणी भरत बसा. रोज तीनशे मैल ओढणाऱ्या माणसानं डिझेलच घ्यावं, त्याला पर्याय नाही. मी तो माणूस नाही.

हे ७.३ म्हणजे अगदी जुन्या वळणाचं इंजिन, लोखंडी ब्लॉक, पुशरॉड, ४३० हॉर्सपॉवर, ४७५ फूट-पाऊंड टॉर्क, लोक याला गॉडझिला म्हणतात. सोबत दहा गिअरचा ऑटोमॅटिक. मागच्या ॲक्सलचा रेशो ३.५५ मिळाला, ४.३० मिळाला असता तर ओढायला अजून बरं, पण सेकंडहँडमध्ये जे मिळालं ते आपलं.

आणि स्टिकर: ३,०९६ पाऊंड. १,४०४ किलो. दादाच्या बोलेरोपेक्षा अजूनही तीनशे किलो कमीच, हे त्याला सांगितलेलं नाही.

लायसन्सचं बघून घेतलं. गाडी १०,००० आणि जो ट्रेलर घ्यायचाय तो १४,०००, कागदावरची बेरीज २४,०००. २६,००१ पासून वेगळं लायसन्स लागतं, त्याच्या खाली आहोत, साधं क्लास सी चालतं. टॅक्स सव्वासहा टक्के, तो भरताना मात्र हात थरथरला.

९ मार्च, रविवार

आज इथली उन्हाळी वेळ सुरू झाली, घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे सकाळ अशी झालीच नाही. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा जोड, बसवली. गाडीचा मागचा चौकोनी पाइप अडीच इंची, माझ्याकडचा जुना बॉल माउंट दोन इंची. मधे घालायची बाही मिळते, पण ती घातली की खडखड वाजते आणि वजनाची मर्यादाही खाली येते, म्हणून सरळ अडीच इंची नवीनच घेतला. बॉल दोन पूर्णांक पाच सोळांश इंच. दोन इंची बॉलवर मोठा कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात उडतो, म्हातारबुवांनी असा एक ट्रेलर नाल्यात गेलेला बघितलाय. बॉलवर आकार कोरलेला असतो, तो वाचायचा, डोळ्यानं अंदाज करायचा नाही.

२२ मार्च, शनिवार

ट्रेलर आणला. वीस फुटी, मागे दोन फूट उतार, दोन ॲक्सल सात-सात हजारांचे, दोन्हीला इलेक्ट्रिक ब्रेक. विकणारा म्हणाला टायर नवीन आहेत. नक्षी खरंच नवीकोरी. पण टायरच्या कडेला शेवटचे चार अंक असतात, त्यावर ३११७, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. पावणेआठ वर्षं टेक्सासच्या उन्हात उभा राहिलेला टायर, नक्षी काय चाटायचीय. गुपचूप तीनशे डॉलर कमी करायला लावले आणि चारही बदलणार आहे.

ट्रेलर सुटला तर ब्रेक आपोआप लागावेत म्हणून पुढच्या दांड्यावर एक छोटी बॅटरी आणि पिनेची वायर असते. पिन ओढून बघितली. काही नाही. बॅटरी उघडली तर आत पांढरं मीठ. चाळीस डॉलरची बॅटरी, पण ती मेलेली असती आणि कपलर निसटला असता तर चार टन लोखंड आपल्या मनानं हायवेवर. ती वायर सेफ्टी चेनला अडकवायची नाही, गाडीला स्वतंत्र अडकवायची, हेही आज कळलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी कॅटीच्या घरी उभारली, श्रीखंड-पुरी हाणली आणि दुपारी सगळे शेतावर. गाडीची पूजा. झेंडू नव्हता, ग्रोसरीतून पिवळी शेवंतीसारखी जी काय फुलं मिळाली त्याचा हार बॉनेटवर, चाकाखाली लिंबू, हिचच्या बॉलला सुद्धा बायकोनं हळदकुंकू लावलं. म्हातारबुवा कुंपणाला टेकून बघत होते. नारळ फोडल्यावर विचारलं, वॉरंटी किती वर्षांची मिळते याने?

पण लाइट लागेनात. सात पिनांचा प्लग लावला की डावा इंडिकेटर दाबल्यावर दोन्ही बाजू मंद पेटायच्या, ब्रेक दाबला की सगळंच विझायचं. पोरगी ड्रायव्हर सीटवर, मी ट्रेलरमागे मातीत आडवा, "दाब... सोड... दाब म्हटलं ना" असा तासभर तमाशा. बल्ब बघितले, फ्यूज बघितले. शेवटी मल्टिमीटर घेऊन पुढून सुरुवात केली. असं विचित्र काही दिसलं की आधी अर्थिंग बघायची. पांढरी वायर. ती ट्रेलरच्या फ्रेमला जिथे स्क्रूनं लावली होती तिथे वरून रंग, खाली गंज, आणि वायर नुसती लोंबतेय. फ्रेम चकचकीत होईपर्यंत घासली, नवीन रिंग टर्मिनल, वर ग्रीस. सगळे दिवे एकदम लागले तेव्हा पोरीनं हॉर्न वाजवला आणि म्हातारबुवांची गुरं पळाली.

५ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

ब्रेनहॅमच्या बाजूला जाऊन ट्रॅक्टर घेतला. म्हातारबुवा सोबत आले, नशीब. ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला, लोडर पुढे, मागचं कटर उताराच्या फळीला लागत नाही इतपत पुढे घेतला आणि थांबलो. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, तीन अष्टमांश इंची ग्रेड ७०, एकेक साखळी ६,६०० पाऊंडांची, साखळ्या ताणायचे बाइंडर आवळून त्यांच्या दांड्यांना तार बांधली. म्हातारबुवा एकदा मागे बघून म्हणाले अजून थोडा पुढे घेतला असता तर, आणि मी म्हणालो पुढे लोडर आपटेल. आपटत नव्हता. मला खाली उतरून परत बाइंडर सोडायचे नव्हते, हे खरं कारण.

२९० हायवेवर आलो. पन्नास मैलांच्या वेगापर्यंत छान. साठच्या आसपास एक अठरा चाकी डावीकडून पुढे गेला, त्याच्या वाऱ्यानं ट्रेलरचं शेपूट जरा हललं. मग परत हललं. मग गाडीचं मागचं अंग त्याच्या बरोबर हलायला लागलं, आरशात ट्रेलर एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, दर वेळी आधीपेक्षा जास्त, आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर निघाला. म्हातारबुवा ओरडले "नको!" आणि हात लांब करून डॅशबोर्डवरचा ट्रेलर ब्रेकचा चिमटा स्वतः दाबला. नुसता ट्रेलरचा ब्रेक. मागून कुणीतरी शेपूट धरून ओढल्यासारखं झालं, ट्रेलर सरळ झाला, मी ॲक्सिलरेटर सोडलेला, वेग पंचेचाळीसवर आला. दोघंही एक मिनिट काही बोललो नाही. मग ते म्हणाले, गाडीचा ब्रेक मारला असतास तर मागच्यानं पुढच्याला ढकललं असतं. तसंच रांगत पुढच्या ट्रक स्टॉपला गेलो.

तिथे वजनकाटा होता, कॅट स्केल. हे लोक १९७७ पासून या धंद्यात आहेत, आपल्या साखर कारखान्याच्या काट्यासारखा एकच मोठा प्लॅटफॉर्म नाही, तीन वेगळे प्लॅटफॉर्म, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर असं वेगवेगळं मोजतात. बटण दाबायचं, आतून बाई विचारते कंपनी कोणती, म्हणायचं खासगी, आत जाऊन पावती घ्यायची. पंधरा-एक डॉलर, आणि चोवीस तासांत परत वजन केलं तर अगदी किरकोळ. म्हातारबुवांना कॉफीला पाठवलं, म्हणजे त्यांचं वजन नको. पहिली पावती: पुढे ४,०००, मागे ३,९००, ट्रेलरचे ॲक्सल ८,७४०. एकूण १६,६४०.

मग बाजूच्या मोकळ्या जागेत बाइंडर सोडले, ट्रॅक्टर सव्वा फूट पुढे घेतला (लोडर आपटला नाही), परत आवळलं, परत काट्यावर. पुढे ३,८००, मागे ४,६२०, ट्रेलर ८,२२०. एकूण तेच, १६,६४०. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी: ४,२६० आणि २,९६०, म्हणजे ७,२२०.

आता वजाबाकी. पहिल्या वेळी गाडीच्या दोन ॲक्सलवर मिळून ७,९००, त्यातून ७,२२० गेले, बॉलवर फक्त ६८० पाऊंड. ट्रेलर मालासकट ९,४२०. टक्के काढले तर सव्वासात. दहाच्या खाली गेलं की शेपूट हलणार हे पुस्तकात वाचलेलं होतं, आज अंगावर आलं. सव्वा फूट सरकवल्यावर बॉलवर १,२००, पावणेतेरा टक्के. तोच ट्रॅक्टर, तोच ट्रेलर, तोच रस्ता, आणि घरापर्यंत साठनं आलो तरी आरशात ट्रेलर रुळावर असल्यासारखा. बाजूनं दोन ट्रक गेले, काही नाही.

अजून एक. मी, हत्यारांची पेटी आणि हे १,२०० धरले तर स्टिकरच्या ३,०९६ मधले १,५१६ संपले. एका लहान ट्रॅक्टरला निम्मी गाडी खर्च झाली. ती फेब्रुवारीतली कमिन्सवाली असती तर साडेचारशे उरले असते.

संध्याकाळी दादाला तिन्ही पावत्या पाठवल्या, आणि हेही लिहिलं की या कॅटवाल्यांच्या काट्यावर वजन बरोबर भरलं आणि पुढे पोलिसांच्या काट्यावर जास्त भरून दंड झाला तर तो दंड हे लोक भरतात. त्याचा व्हॉइस मेसेज: "काटंवाला दंड भरतो? आमच्याकडं उसाचा काटा मारला तर कोन इचारत न्हाई आन तिकडं काटंवालाच पैसं देतो. पाठव की एक हिकडं."

१९ एप्रिल, शनिवार

ट्रेलरच्या ब्रेकचा गेन, म्हणजे तो किती जोरात लागावा ते, लावला. रिकाम्या रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगात चिमटा पूर्ण दाबायचा, चाकं लॉक होऊन घासली तर कमी करायचा, नुसतं ओढल्यासारखं झालं तर वाढवायचा, लॉक व्हायच्या जरा अलीकडे थांबायचं. भरलेल्याला ६.५ वर बसला, रिकाम्याला ३. रिकामा असताना ६.५ वर ठेवला तर टायर किंचाळतात आणि चपटे डाग पडतात.

दादाला ट्रॉलीला ब्रेक असतो हेच पटत नव्हतं. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीलाही ब्रेक नाही, घाटाला लागल्यावर मागे दगड घेऊन पोरगा. टेक्सासमध्ये भरून ४,५०० पाऊंडांच्या वर गेला की ट्रेलरला ब्रेक पाहिजेत, कायदाच आहे.

१० मे, शनिवार

फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूनं कुंपणाचे सीडरचे खांब आणले, आठ फुटी, दीडशे. रस्ता एकच, आमचा २९०, हेम्पस्टेडपासून ब्रेनहॅम, गिडिंग्ज, ऑस्टिन, जॉन्सन सिटी असा थेट. ऑस्टिनची ट्रॅफिक सोडली तर मजा.

जॉन्सन सिटीच्या पुढे-मागे चढउतार लागतात. टो-हॉलचं (ओझं ओढतानाचं) बटण दाबलं की गिअरबॉक्स वेगळाच वागतो, चढावर उगाच वरखाली करत बसत नाही, आणि उतारावर ब्रेकला जरा पाय लावला की स्वतः खाली येतो, इंजिन चार हजारांवर बोंबलतं, बायको दचकते, पण गाडी धरून राहते आणि ब्रेक गार राहतात. इथे मात्र डिझेलची आठवण आली, त्यांना एक्झॉस्ट ब्रेक असतो, नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी भिंतीला टेकल्यासारखी थांबते. काका, माफ करा.

ओढायचे आकडे आता सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीनं काढतात, एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचं जे-२८०७ म्हणून. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, ११.४ मैल, बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर, एसी फुल, आणि ट्रेलरसकट चाळीसच्या खाली वेग यायला नको. आधी प्रत्येकजण आपापल्या मनानं आकडा छापायचा, २०११ च्या मॉडेलला टोयोटानं पहिल्यांदा हे पाळलं, बाकीच्यांनी बरीच वर्षं तू आधी मी आधी केलं. पण त्या आकड्यात गाडीत दोन माणसं धरलेली असतात. आम्ही तिघं, कूलर, चटई, पुरणपोळ्यांचा डबा.

गिडिंग्जला थांबलो तेव्हा सवयीनं ट्रेलरच्या चाकांच्या हबला तापमान मोजायची इन्फ्रारेड गन लावली. तीन १३०-१४०, मागचा उजवा २१५. जॅक लावून चाक फिरवलं तर घासतंय, ब्रेकचा ॲडजस्टर जास्त आवळलेला. स्क्रूड्रायव्हरनं बारा-पंधरा दाते मागे घेतले, चाक मोकळं फिरायला लागलं. तसाच आणला असता तर बेअरिंग ग्रीससकट जळालं असतं. घरी आल्यावर चाकाचे नट टॉर्कनं परत आवळले, आणि एक चक्क पाव फेरा सैल निघाला.

१४ जून, शनिवार

तीन महिन्यांचा हिशोब काढला. रिकामी गाडी गॅलनला साडेतेरा मैल, ट्रॅक्टर मागे असला की साडेआठ. दादाच्या भाषेत, म्हणजे लिटरला किलोमीटर, पावणेसहा आणि साडेतीन. मी सांगायला नको होतं. तेव्हापासून तो फोन उचलला की "काय साडेतीन, बरं हाय का" म्हणतो.

९ ऑगस्ट, शनिवार

रस्त्याला चुनखडीची खडी. लोडरवाला पोरगा विचारतो किती, मी म्हणालो एक यार्ड, म्हणजे घनयार्ड. त्यानं हसून दोन बकेट उचलली, सगळे पिकअपवाले दोनच घेतात म्हणे. हात वर करून थांबवलं. कोरडी खडी यार्डाला साधारण २,७००, मी आणि पेटी ३१६, झाले ३,०१६. स्टिकर ३,०९६. ऐंशी पाऊंड शिल्लक, आणि काल रात्री पाऊस पडलेला, खडी ओली. पाऊण यार्डच भरली. मागच्या टायरात स्टिकरवरची हवा होती, गाडी तीन बोटं बसली, गेटातून आत येताना हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर. दोन फेऱ्या झाल्या, एका फेरीचं पेट्रोल जास्त गेलं.

माझ्यामागे उभा असलेला हाफ टनवाला दोन यार्ड घेऊन गेला. बाहेर पडताना त्याची मागची चाकं मडगार्डमध्ये शिरली होती आणि पुढची जणू नमस्कार करत होती.

१६ ऑगस्ट, शनिवार

दादाचा फोन. तासगावला सौद्याला बेदाणा घेऊन चालला होता, कोल्ड स्टोरेजमधून बॉक्स भरून. गेल्या शनिवारच्या खडीची गोष्ट सांगितली तर म्हणाला, एवढा हिशोब करत बसलास तर शेती करशील कधी. मी सहज विचारलं, आज किती बॉक्स भरलेत?

"एकशेसाठ."

एकेक पंधरा किलोचा. तो दोन सेकंद गप्प. मग मीही काही बोललो नाही, कारण त्यानं गुणाकार केलेला मला इकडे ऐकू येत होता.

"चोवीसशे व्हत्यात," तो म्हणाला. "वर मी आन हमाल दोघं."

"आणि कागदावर?"

"पाटं वाढवल्यात मी मागं. दोन-दोन."

"पाटे वाढवले, ब्रेक वाढवले का?"

फोन कट झाला, रेंज गेली असेल. अर्ध्या तासानं फोटो आला. बोलेरोचं दार उघडं, चौकटीवर धूळ पुसलेली, आणि त्याचं बोट कंपनीच्या पत्र्याच्या पट्टीवरच्या आकड्यावर. खाली एवढंच लिहिलेलं: चाळीस बॉक्स उतरवून ठेवलं, दुसऱ्या खेपंला नेतो, आण्णांना सांगू नको.

पुढच्या शनिवारी: ट्रेलरचे मागचे दोन ब्रेक परत बघायचे, सात पिनांच्या प्लगला ग्रीस, बॅटरीची पिन ओढून चाचणी.